कोकणात बियर गोव्यापेक्षा महाग का? आणि बाहेरच्या देशांत लोक कशी पितात?

तुम्ही विचारलंय की सावंतवाडीत घेतो तीच बियर बांद्याच्या पलीकडे गोव्याच्या हद्दीत पत्रादेवीला एवढी स्वस्त कशी, आणि बाहेरच्या देशांत काय भाव आहे. मी बांद्याकडचाच, बोटीवर नोकरी, त्यामुळे दोन्हीबद्दल सांगू शकतो.

भावाचं कारण म्हणजे टॅक्स. दारू जीएसटीत येत नाही, एक्साईज (उत्पादन शुल्क) आणि व्हॅट (विक्रीवरचा कर) प्रत्येक राज्य आपापला लावतं, गोव्याने कमी ठेवलाय आणि आपल्याकडे भरपूर आहे. बनवायची पद्धत दोन्हीकडे एकच, बार्लीला मोड आणून सुकवायचे, भरडून साधारण 65 डिग्रीच्या पाण्यात ठेवायची म्हणजे स्टार्चची साखर होते, मग हॉप्स, म्हणजे बियरला कडवटपणा देणारी फुलं, घालून उकळायचं, गाळून थंड करून साखरेचं अल्कोहोल करणारं यीस्ट टाकायचं. आपल्याकडे जास्त करून लागर प्रकारची बियर खपते आणि ती 10 डिग्रीच्या आसपास आंबवून नंतर काही आठवडे त्याहून थंड जागेत ठेवतात, म्हणजे कोकणच्या हवेत मशीनच्या थंडीशिवाय हे जमणंच शक्य नव्हतं. उलट आपली माडी बघा ना, सकाळी माडावरून उतरवली की दुपारपर्यंत आपली आपणच फसफसते, तिला यीस्टपण टाकावं लागत नाही.

आता बाहेरचं. हॅम्बुर्गला सुपरमार्केटमध्ये अर्ध्या लिटरची बाटली साधारण एका युरोला मिळते, वर 8 सेंट डिपॉझिट, लोक रिकाम्या बाटल्यांचे क्रेट आणून मशीनमध्ये सरकवतात आणि निघालेली पावती बिलातून वळती करतात. तिथे 16 वर्षांचा मुलगा बियर विकत घेऊ शकतो, महाराष्ट्रात 21 लागतात. नॉर्वेत बर्गनला बरोब्बर उलटं, बारमध्ये एक ग्लास 100 क्रोनरच्या आसपास म्हणजे आपले 800 रुपये तरी गेले, दुकानात रात्री 8 नंतर बियर विकत नाहीत आणि 4.7 टक्क्यांच्या वरची फक्त सरकारी दुकानात.

मला मनापासून आवडलेली जागा मात्र व्हिएतनामचं हायफाँग. तिथे 'बिया होय' म्हणून ताजी बियर मिळते, रोज बनते आणि त्याच दिवशी संपवतात कारण टिकतच नाही. फुटपाथवर प्लॅस्टिकची बुटकी स्टुलं, जाड हिरवट काचेचे ग्लास ज्यांच्या काचेतच बुडबुडे अडकलेले, सोबत उकडलेल्या शेंगा, आणि ग्लास आपल्या चाळीस-पन्नास रुपयांत. अल्कोहोल 3-4 टक्केच, त्यामुळे कामावरून सुटलेली माणसं तासभर गप्पा मारतात आणि सरळ चालत घरी जातात.

हे बघितलं की आपल्याकडच्या स्ट्राँगच्या, म्हणजे जास्त अल्कोहोलवाल्या बियरच्या, सवयीचं वाईट वाटतं. एवढे पैसे मोजल्यावर माणूस किकच शोधणार, म्हणून 8 टक्केवालीच जास्त खपते आणि माइल्ड, म्हणजे हलकी, मागितली की दुकानदार आतून शोधून आणतो. जगात माणशी सगळ्यात जास्त बियर चेक लोक पितात, वर्षाला सव्वाशे लिटरच्या वर, पण त्यांची रोजची ड्राफ्ट, म्हणजे पिंपातून नळाने ग्लासात भरलेली बियर, 4 ते 5 टक्क्यांची असते. माझं स्पष्ट मत आहे की सरकारने माइल्डवरचा टॅक्स चांगला कमी करावा, निदान पिणारा हलकं काहीतरी घेईल.

आणि घेताना तारीख बघा, बियर जेवढी ताजी तेवढी चांगली. मे महिन्यात दुकानाच्या दर्शनी भागात उन्हात ठेवलेली हिरवी बाटली तर घेऊच नका, उजेडाने हॉप्समधला घटक बदलतो आणि घाण वास येतो, तपकिरी बाटलीत हे खूप कमी होतं. गोव्याची बाटली स्वस्त म्हणून डिकीत टाकून आणू नका, हद्दीजवळच्या इन्सुलीच्या नाक्यावर एक्साईजवाले गाड्या तपासतात आणि केस झाली तर गाडीपण अडकते. प्यायची तर तिकडेच प्या, आणि गाडी न पिणाऱ्याकडे द्या.