मावशी, एक विचारू?

यावेळी तिन्ही पत्रं आयांचीच घेतलीयत. गावं वेगळी, घरं वेगळी, पण काळजी एकच आहे, की लेकरू विश्वासात वाढेल ना. नावं अर्थातच छापत नाही.

मावशी, प्रभूमध्ये सलाम. माझा मुलगा दहावीला आहे. लहानपणी संडे स्कूलची सगळी वचनं तोंडपाठ, नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हायचा, आणि आता दोन वर्षं झाली चर्चचं नाव काढत नाही. रविवारी क्लास असतो हे एक, पण क्लास नसला तरी येत नाही. म्हणतो, मम्मी तिथे बोअर होतं आणि देव आहे कशावरून. मिस्टर ख्रिस्ती नाहीत, ते अडवत नाहीत पण येतही नाहीत, त्यामुळे पप्पा जात नाहीत तर मी का जाऊ, हेही ऐकवतो. मागे एकदा चिडून मी त्याचा मोबाईल काढून घेतला, चर्चला आलास तर मिळेल म्हटलं. आला, पण पूर्ण उपासना मान खाली घालून बसला. माझी मोठी बहीण म्हणते तुझेच संस्कार कमी पडले. खरंच पडले का? – एक आई, हडपसर

अगं पोरी, ताईचं बोलणं आधी मनातून काढून टाक. दहावीतलं पोरगं चर्चला येत नाही म्हणून आईचे संस्कार कमी पडले असा हिशोब कुठल्याच शास्त्रात नाही. आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही बघ. देव आहे कशावरून हे तो तुला विचारतोय! या वयाची पोरं असले प्रश्न मित्रांना विचारतात, यूट्यूबला विचारतात, आईसमोर तोंड उघडत नाहीत. तुझं पोरगं उघडतंय. ते दार बंद होऊ देऊ नकोस. उत्तर येत नसेल तर सरळ सांग, मला हे नीट सांगता येणार नाही, पण मी का मानते ते सांगते. आणि मग खरंच सांग, तुझ्या आयुष्यातलं, हॉस्पिटलच्या बाहेर बसून केलेली एखादी प्रार्थना, पगार संपल्यावर निघालेले दिवस, जे असेल ते. आईनं मनापासून सांगितलेलं पोरं विसरत नाहीत, तेव्हा कितीही तोंड वाकडं केलं तरी.

मोबाईलचा सौदा मात्र बंद. देवाला मोबाईलच्या बदल्यात मोजायचं नसतं, आणि जबरदस्तीनं बसवलेलं पोरगं तिथे बसून फक्त राग साठवतं. सध्या महिन्यातून एक रविवार तुझ्यासोबत यावं एवढंच ठरव, तेही त्याच्याशी बोलून. बोअर होतं म्हणतो ना, मग त्याच्या हाताला काम मिळेल असं बघ. पाळकसाहेबांना किंवा तरुण संघातल्या एखाद्या दादाला सांग, साउंड सिस्टीम लावायला, नाताळची गव्हाणी बांधायला, कॅरलच्या वेळी गिटार धरायला बोलवा म्हणावं. या वयात आईचं ऐकायला कमीपणा वाटतो पण चार वर्षांनी मोठ्या दादाचं पोरं ऐकतात, हे मी संडे स्कूलला शिकवताना कितीतरी वेळा पाहिलंय.

आता मिस्टरांचं. बायबलमधल्या तीमथ्याचं, प्रेषित पौलाच्या तरुण सोबत्याचं, घर आठव. लुस्त्राचा हा मुलगा, आई युनीके यहूदी आणि विश्वास ठेवणारी, वडील ग्रीक. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात पहिल्याच ओळीत ते आहे. म्हणजे घर तुझ्यासारखंच. आणि पौल नंतर तीमथ्याला दुसरं पत्र लिहितो तेव्हा कोणाची आठवण काढतो, तर त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची. दोन बायकांनी घरच्या घरी एवढं काम केलं. म्हणून मुलासमोर पप्पांना वाईट ठरवू नकोस. पप्पा येत नाहीत हा त्यांचा निर्णय, मी जाते हा माझा, तू मोठा झालास की तुझा तू ठरवशील, आणि आत्ता मला तुझी सोबत आवडते, इतकं साधं बोल.

आणि वेळ दे गं. वसईकडच्या आपल्या कॅथलिक बहिणी 27 ऑगस्टला संत मोनिकेचा सण करतात. तिचा मुलगा ऑगस्टीन, जन्म 354 चा, उत्तर आफ्रिकेतला, हुशार पण आईच्या विश्वासापासून पार लांब गेलेला. नवराही ख्रिस्ती नव्हता, त्यानं शेवटी शेवटी बाप्तिस्मा घेतला. मोनिका एका बिशपकडे गेली, माझ्या मुलाशी वाद घालून त्याला समजवा म्हणाली. बिशप म्हणाले, आत्ता तो ऐकणार नाही, त्याला राहू दे, तू फक्त प्रार्थना कर. ही बाई रडत राहिली, मागे लागली, तेव्हा ते म्हणाले की इतक्या अश्रूंचा मुलगा वाया जाणं शक्य नाही. ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला 387 साली, म्हणजे तिशी उलटल्यावर! आणि आपल्याकडचंच बघायचं तर कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 ला, मधली पाच वर्षं त्या माऊलीच्या मनात किती उलथापालथ झाली असेल. ज्याचा त्याचा वेळ असतो. तुझं पोरगं तर आत्ता कुठे दहावीला आहे.

रात्री तो अभ्यासाला बसला की दूध ठेवायला जातेस ना, तेव्हा त्याच्या डोक्यावर हात ठेवून दोन वाक्यांची प्रार्थना कर, मोठ्यानं, उद्याच्या पेपरासाठी, त्याच्या मित्राच्या आजारी आईसाठी. लेक्चर नको, वचन पाठ करून घेणं नको. आमेन म्हण आणि निघून ये. तो आमेन म्हणाला नाही तरी चालेल.

मावशी, मी आयटीमध्ये आहे, बाणेरला राहते. मोठी चार वर्षांची आणि धाकटा आठ महिन्यांचा. बायबल उघडून किती दिवस झाले आठवत नाही. चर्चमध्ये बाळ रडलं की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघतात म्हणून मी बाहेर व्हरांड्यातच बसते. तिथून उपदेश ऐकूही येत नाही. मग वाटतं यायचं कशाला. परवा उपदेशात सुझॅना वेस्लीचं, मेथडिस्ट पंथाच्या जॉन वेस्लीच्या आईचं, उदाहरण दिलं, एकोणीस मुलं असूनही ती रोज प्रार्थना करायची. मी घरी येऊन रडले. – बाणेर

रडू नकोस बाळा. सुझॅना वेस्ली फार मोठी बाई, त्यात वाद नाही, पण तिच्या घरी मोलकरणी होत्या आणि तिला सकाळी नऊची स्टँडअप मीटिंग नव्हती. शिवाय त्या एकोणिसातली नऊ लेकरं तान्ही असतानाच गेली, ते दुःख कोणी उपदेशात सांगत नाही. तिच्याकडून घ्यायचंच असेल तर एक घे. दर आठवड्याला ती प्रत्येक मुलाशी एकेकटं बसून बोलायची, प्रत्येकाचा वार ठरलेला, जॉनचा गुरुवार. जॉन मोठा होऊन ऑक्सफर्डला गेला तरी त्याला तो गुरुवार आठवायचा. तर बाळ झोपलं की मोठीला जवळ घे, दहा मिनिटं फक्त तिची. चित्रांचं बायबल असेल तर एक गोष्ट, नसेल तर दिवसभरात काय झालं ते ऐक आणि त्याचीच प्रार्थना कर. तुझं बायबल वाचन सध्या एवढंच, आणि ते देवाला पुरतं. बाळाला अंघोळ घालताना प्रभूची प्रार्थना म्हण, कुकर लावताना एखादं भजन गुणगुण. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवायच्या वेळा दिल्यात, घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना आणि उठताना. या सगळ्या वेळा आईच्याच हातात आहेत बघ, त्यासाठी वेगळा तास काढायला नको.

आणि व्हरांडा सोड. पुढे बस, मुलांना दिसेल अशा जागी, मोठीला काहीतरी बघायला मिळालं की ती शांत बसते, भिंतीकडे बघून नाही बसत. हे आता मी तुझ्यासाठी नाही, वळून बघणाऱ्यांसाठी लिहितेय: लेकरं घेऊन येणाऱ्यांना शिष्यांनी दटावलं तेव्हा प्रभू शिष्यांवर रागावला होता, लेकरांवर नाही. पुढच्या रविवारी बाळ रडलं तर वळून बघण्याऐवजी उठा आणि त्या मुलीला म्हणा, दे जरा माझ्याकडे, मी फिरवून आणते, तू ऐक. मंडळीतल्या आज्यांना तर हे सांगायलाही नको.

मावशी, माझी मुलगी तिसरीत आहे. वर्गातली मैत्रीण तिला म्हणाली, तुमचा देव इंग्रजांनी आणला, तुम्ही इथले नाहीत. ती घरी येऊन विचारते आपण कुठले? आणि गणपतीत शेजारी प्रसाद देतात तेव्हा काय करायचं हाही प्रश्न असतोच. – संगमनेर

आपण इथलेच, हे तिला ठणकावून सांग, पण मैत्रिणीवर न चिडता, कारण त्या चिमुरडीनं ते कुठेतरी ऐकलेलं असतं. तिला सांग की इंग्रजांचं राज्य महाराष्ट्रात आलं 1818 ला आणि गोव्यात ख्रिस्तपुराण, म्हणजे प्रभूची कथा सांगणारं काव्य, छापून आलं 1616 ला, मराठी ओवीत! लिहिणारे फादर स्टीफन्स जन्मानं इंग्रज होते हे खरं, पण राज्य करायला नव्हते आले, आपली भाषा शिकून तिच्या प्रेमात पडले. केरळात तर ख्रिस्ती लोक त्याच्याही कितीतरी शतकं आधीपासून आहेत. टिळकांचे अभंग आपण दर रविवारी गातो, ते रत्नागिरीकडच्या करजगावचे. आणि पंडिता रमाबाईंची गोष्ट तर तिला नक्की सांग, कारण ती एका आईचीही गोष्ट आहे. मुलगी मनोरमा तान्ही असताना नवरा गेला, एकटीनं तिला वाढवलं, शेवटपर्यंत साडी आणि शाकाहार सोडला नाही, आणि हिब्रू-ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. मनोरमा पुढे आईच्याच कामात उभी राहिली.

प्रसादाबद्दल घरोघरी वेगवेगळं मानतात, पौलानंही करिंथकरांना यावर बरंच समजावून लिहिलंय. तुम्ही नवरा-बायको आणि पाळक बोलून ठरवा. माझं मत विचारशील तर आठ वर्षांच्या पोरीवर हा निर्णय टाकू नये. नाही घ्यायचा ठरला तर शेजारच्या काकूंशी तू स्वतः प्रेमानं बोल, आणि नाताळला फराळाचं ताट पहिलं त्यांच्याकडे जाऊ दे. पोरीनं आपल्या तोंडून कोणाच्या देवाला नावं ठेवलेली ऐकू नयेत, एवढं सांभाळ.

दिवाळीच्या सुट्टीत तिला केडगावला घेऊन जा, दौंडच्या अलीकडे, पुण्याहून रेल्वेनं जाता येतं. रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथेच आहे. आणि त्या मैत्रिणीलाही सोबत न्या, तिच्या आईला विचारून.