तुझ्या जागेवर खेळणारा सीनियर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझा मेसेज वाचला. अमेरिकन फुटबॉलच्या तुमच्या कॉलेज टीममध्ये लेफ्ट टॅकल खेळणारा सीनियर यंदा जाणार असं धरून तू वर्षभर खाऊन-पिऊन, घाम गाळून वजन वाढवलंस, आणि तो पठ्ठ्या आणखी एक सीझन खेळायला थांबला. आता ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव घालू का, असं विचारतोस. हो की नाही ते शेवटी बघू. आधी त्या माणसाकडून तुला काय मिळू शकतं ते नीट पाहू. देवनागरी वाचताना तू अडखळतोस, तेव्हा आईला शेजारी बसव. तिच्यासाठीही काही गोष्टी उलगडून लिहितोय, कारण चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला राखणारे पाच लाइनमन (मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल) म्हणजे तिच्या मते नुसती ढकलाढकली.

कॉलेजच्या नियमाने सीझनमध्ये आठवड्याला 20 तास मिळतात. त्यातच मीटिंगा, वेट रूम, प्रॅक्टिस सगळं. तेवढ्यात कोच बोर्डावर रेघा काढून दाखवेल, फिल्म थांबवून चुका दाखवेल. पण स्नॅपच्या वेळी, म्हणजे सेंटर चेंडू मागे देतो तेव्हा, तो बाहेर उभा असतो आणि तुझ्या कानापाशी असतो तो शेजारचा जुना गडी.

स्टंटचंच घे, म्हणजे समोरचे दोघं वाटा बदलून घुसतात ते. त्यांचा आतला डिफेन्सिव्ह टॅकल बाहेर, तुझ्या अंगावर घुसतो. तुझ्यासमोरचा एंड, म्हणजे त्यांचा टोकाचा गडी, त्याच्या मागून वळसा घालून गार्डकडे जातो. तुम्ही दोघांनी माणसं बदलायची. तू आपल्याच माणसामागे धावलास तर गार्डच्या पाठीवर आदळशील आणि क्वार्टरबॅक आडवा होईल. कबड्डीत साखळी धरलेल्या दोघांतला एक अर्धा सेकंद आधी निघाला की रेडर निसटतो, तसंच हे. वहीत पाच मिनिटांत कळतं, अंगात मात्र मुरलेल्या गार्डच्या शेजारी उभं राहूनच येतं. समोरच्याने जमिनीवर टेकलेल्या हातावर नेहमीपेक्षा कमी भार दिलाय, नजर तिरकी आहे, हे त्या गार्डला आधी दिसतं, आणि तो एक शब्द टाकतो. पुढे कधीतरी तो शब्द यायच्या आधीच तुझे पाय ओळखतात.

दुसऱ्यांच्या मैदानावरच्या मॅचमध्ये गोंगाटात क्वार्टरबॅकचा आवाज पोचत नाही, तेव्हा बघ. गार्ड मान मागे वळवून क्वार्टरबॅकची खूण घेतो, सेंटरला थापटतो, सेंटर डोकं उचलतो आणि मग ठरलेल्या ठेक्यावर स्नॅप. तो ठेका प्रत्येक सेंटरचा थोडा वेगळा. राखीव खेळाडूंच्या सेंटरबरोबर रोज सराव करणाऱ्या तुला तो माहीत नसतो, म्हणून पहिल्यांदा आत गेल्यावर तू एक तर उशिरा उठतोस किंवा स्नॅपआधीच हलतोस, म्हणजे फॉल्स स्टार्ट. मोठ्या मुलांमागे उभा राहून तो ठेका मोज. कोणी हाकलणार नाही.

आता NFL या व्यावसायिक लीगमधल्या फिलाडेल्फिया ईगल्सची गोष्ट, जी तुला अर्धीच माहीत असणार. जॉर्डन मायलाटा ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळायचा. 2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम फेऱ्यांनी नवे खेळाडू निवडतात तिथे, सातव्या फेरीत, 233 व्या नंबरावर त्याला घेतलं तेव्हा तो अमेरिकन फुटबॉलची एकही मॅच खेळला नव्हता. पहिले दोन सीझन पाठीच्या दुखण्यात गेले, सीझनची एकही मॅच नाही. पण लाइनच्या मीटिंगच्या त्या खोलीत जेसन पीटर्स होता, जेसन केल्सी होता, लेन जॉन्सन होता, सगळे मुरलेले लाइनमन. पीटर्स स्वतः कॉलेजात टाइट एंड, म्हणजे चेंडू झेलणारा आणि अडवणाराही. ड्राफ्टमध्ये त्याला कोणी घेतलं नाही, टॅकल तो नंतर झाला. जागा बदलून शिकायचं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? 2020 मध्ये दुखापतींनी लाइन मोडली, पीटर्सही जायबंदी झाला आणि मायलाटा उभा राहिला. पुढच्याच वर्षी लेफ्ट टॅकलची जागा त्याची झाली. टीव्हीवर खेळाडू आपल्या कॉलेजचं नाव सांगतात, तिथे हा ‘जेफ स्टाउटलंड युनिव्हर्सिटी’ म्हणायचा. स्टाउटलंड म्हणजे त्यांचा तेव्हाचा लाइन कोच. गंमत खरी, आणि तीही पूर्ण बरोबर नाही असं मला वाटतं. त्या युनिव्हर्सिटीत शिकवणारे आणखी तीन-चार जण होते.

पण भाबडा होऊ नकोस. त्याच खोलीत, त्याच कोचकडे आंद्रे डिलर्ड होता: 2019 चा पहिल्या फेरीचा लेफ्ट टॅकल. 2020 च्या सीझनआधीच त्याच्या बायसेप्सला दुखापत झाली, वर्ष गेलं, मागून मायलाटाने जागा घेतली आणि 2023 मध्ये डिलर्ड टेनेसीला गेला. जुने खेळाडू परीस नाहीत.

मला तुझ्यासाठी जास्त उपयोगी वाटतो कॅम जर्गन्स. 2022 मध्ये दुसऱ्या फेरीत घेतला तो केल्सीनंतरचा सेंटर म्हणून, आणि केल्सी निवृत्तच होईना! जर्गन्स एक वर्ष मागे बसला. पुढच्या वर्षी राइट गार्ड खेळला, म्हणजे केल्सीच्या अगदी खांद्याला खांदा लावून. मार्च 2024 मध्ये केल्सी निवृत्त झाला, जर्गन्स सेंटर झाला, आणि त्या सीझनच्या शेवटी ईगल्सनी न्यू ऑर्लिन्सला सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला. तेव्हा लेफ्ट टॅकलच हवं हा हट्ट सोड. तुमचा लेफ्ट गार्ड या वर्षी जातोय ना? सीनियरच्या मागे उभं राहण्यापेक्षा त्याच्या शेजारी उभा राहा.

त्याचं सगळंच मात्र उचलू नकोस. तुझ्या पाठवलेल्या क्लिपमध्ये तो उशिरा मागे सरकतो, आणि तू आता तसंच करायला लागलायस. त्याचे पाय उशिरा हलतात कारण त्याचे डोळे आधीच काम उरकून बसलेले असतात. शिवाय त्याचे हात तुझ्याहून चांगले लांब आहेत. उशीर झाला तरी तो एंडला छातीवर गाठतो. तू गाठणार खांद्यावर, आणि एंड तुला फिरवून जाईल. मंगळवारी तो निम्म्या जोराने प्रॅक्टिस करतो ते त्याच्या गुडघ्यासाठी. तुझा गुडघा ठणठणीत आहे.

अजून एक, आणि हे आईने वाचलं तरी चालेल. मोठ्यांची हेल्मेटं उचलणं, सकाळी डोनट आणणं, एवढं चालतं. पण पैसे उकळणं, रंगावरून, आडनावावरून, आई-बहिणीवरून बोलणं हे शिकवणं नव्हे. 2013 मध्ये मायामी डॉल्फिन्सच्या लाइनवरचा जोनाथन मार्टिन टीम सोडून निघून गेला. 2014 च्या चौकशी अहवालात म्हटलं होतं की लाइनवरच्याच तिघा सहकाऱ्यांनी त्याचा छळ केला. त्यांतला एक तर खेळाडूंच्या नेतृत्व समितीवर होता. अहवालानंतर लाइन कोचचीही नोकरी गेली. तसं काही दिसलं तर कोचला सांग. कोचच हसण्यात सामील असेल तर थेट कॉलेजच्या ऑफिसात जा आणि मला कळव. तिथे थांबण्याचा प्रश्नच नाही.

आता पोर्टल. या आठवड्यात दोन कामं कर. सीनियरला म्हण, फिल्म बघताना शेजारी बसू का? आणि तुझा एकच प्ले लावून विचार, इथे तू काय बघितलं असतंस? जागा जाईल या भीतीने लपवणारा लगेच कळतो. उत्तर तीन शब्दांत संपतं. शिकवणारा रिमोट हातात घेतो. मग लाइन कोचला विचार, स्प्रिंगच्या सरावात मला गार्डवरही लावाल का आणि पहिल्या टीमबरोबर किती स्नॅप मिळतील. ‘बघू’ हे उत्तर धरू नकोस. दोघांपैकी एकाकडून जरी खरा होकार आला तर मी तुला थांब म्हणेन. दोन्हीकडून टोलवाटोलवी झाली तर खुशाल नाव घाल, आईची समजूत मी काढतो.

विचारून झालं की फोन कर. दुपारी माझी शाळेची पोरं वेट रूममध्ये असतात, तेव्हा साडेपाचनंतर.

तुझा,
काका