झिजलेल्या नाण्यांवरील हत्ती आणि हरवलेली अक्षरे

प्रश्न : आजोबांच्या पेटीत काशासारख्या धातूची, हिरवट-काळी पडलेली काही नाणी सापडली. एका बाजूला हत्ती असावा, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळे दिसतात. अक्षरे जवळजवळ पुसली आहेत. चिंचेने घासल्यास ती वाचता येतील का? ही नाणी कोणत्या राजाची, हे कसे ओळखावे?
— एक वाचक, पैठण

उत्तर : चिंच, लिंबू, भांड्यांची पूड यांपैकी काहीही कृपया वापरू नका. जमिनीत दीर्घकाळ राहिलेल्या नाण्यावर जो हिरवा थर बसतो, त्या थरातच पुष्कळदा उठावाचा उरलासुरला आकार टिकून असतो. आम्लाने तो विरघळला की खाली खडबडीत धातू राहतो आणि वाचता आले असते तेवढेही कायमचे जाते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून सुटलेली माती लाकडी काडीने हलकेच काढावी आणि नाणे पूर्ण वाळवावे. फिकट हिरवी भुकटी झडत असेल, तर ते नाणे इतरांपासून वेगळे, कोरड्या जागी ठेवून संग्रहालयातील जाणकारांना दाखवावे.

सोंड उंचावलेला हत्ती आणि मागे टोकांना वर्तुळे असलेली फुली, म्हणजे ज्याला उज्जयिनी चिन्ह म्हणतात ते, ही जोडी असेल तर नाणे सातवाहनांचे असण्याची शक्यता फार मोठी आहे. तांबे, कथील आणि शिसे यांच्या या मिश्रणाला नाणेशास्त्रात पोटीन म्हणतात. मागे फुलीऐवजी तीन कमानींचा डोंगर आणि वर चंद्र-सूर्य दिसले, तर मात्र सातवाहनांचे प्रतिस्पर्धी राजे असलेल्या पश्चिमी क्षत्रपांचाही विचार करावा लागेल.

अक्षरे शोधण्यासाठी खोलीत अंधार करून विजेरी नाण्याच्या पातळीत, बाजूने धरावी आणि नाणे सावकाश फिरवावे. समोरून पाडलेल्या उजेडात न दिसणारा उठाव सावलीमुळे दिसू लागतो. लेख हत्तीभोवती, कडेला असतो. लिपी ब्राह्मी असल्याने अक्षरांना शिरोरेषा नसते. शिरोरेषा दिसली तर नाणे पुष्कळ नंतरचे आहे असे समजावे. झिजलेली शिवराई प्राचीन समजून जपून ठेवणारे वाचक आम्हाला नेहमी भेटतात. ब्राह्मीतला ‘क’ अधिकच्या चिन्हासारखा असतो. तो सापडला की ‘सातकणिस’, म्हणजे ‘सातकर्णीचे’, हा शब्द आहे का ते दोन्ही बाजूंची अक्षरे पाहून ठरवता येते.

खरी अडचण याच्या पुढची आहे. सातकर्णी हे नाव अनेक राजांनी धारण केले आणि एकाला दुसऱ्यापासून वेगळे करणारा यज्ञ, कुंभ किंवा कर्ण असा शब्द त्याच्या आधी येतो. नेमका तोच भाग झिजलेला, किंवा ठसा सरकल्यामुळे मुळात उमटलेलाच नसतो. १९३९ साली तत्कालीन अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे सुमारे १,६०० पोटीन नाण्यांचा साठा मिळाला आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुराणांतील यादीत नसलेले कुंभ आणि कर्ण सातकर्णी त्यातून समोर आले. एवढी नाणी शेजारी ठेवता आली, म्हणून एकावर तुटलेले अक्षर दुसऱ्यावर शोधता येत होते. तुमच्या हातातल्या मोजक्या नाण्यांवर नाव दिसत नसेल, तर ‘सातवाहन, पोटीन, हत्ती व उज्जयिनी चिन्ह’ एवढीच नोंद वजन आणि व्यासासह करावी. ती अपुरी वाटली तरी खरी असेल. अंदाजाने गौतमीपुत्राचे नाव लिहिणे हे मला गैर वाटते.

प्रश्न : शेत नांगरताना अशी नाणी मिळाल्यास ती ठेवता येतात का?
— एक वाचक, नेवासे

उत्तर : भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेला, १० रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. तोपर्यंत नाणी एकत्रच ठेवावीत, सोबतच्या मडक्याचे तुकडेही जपावेत आणि जागेची नोंद करावी, कारण अक्षर न उरलेल्या नाण्याचा काळ पुष्कळदा त्याच्यासोबत सापडलेल्या वस्तूंवरूनच ठरतो.