वाचकांचे प्रश्न : श्वसनमार्गाची भिंत सूक्ष्मदर्शकाखाली

या वेळी आलेले प्रश्न बहुतेक विद्यार्थ्यांचे आहेत. पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात जिथे हमखास अडखळायला होतं, नेमके तिथले.

प्रश्न : श्वासनलिकेच्या स्लाइडवर केंद्रकांच्या तीन-चार रांगा स्पष्ट दिसतात. तरी हा अभिस्तर (पेशींचं अस्तर) एकाच थराचा आहे असं पुस्तकात लिहिलेलं असतं. डोळ्यांना दिसतं ते खोटं कसं?

केंद्रकांच्या रांगा खऱ्याच आहेत. त्यांवरून थर मोजले की फसगत होते. या अभिस्तरातली प्रत्येक पेशी खालच्या आधारपटलावर पाय टेकून उभी असते, पण प्रत्येकीचं डोकं वरपर्यंत पोचत नाही. बुटक्या बेसल पेशी तळाशीच राहतात, सिलिया, म्हणजे केसासारखे बारीक हलते धागे असलेल्या उंच पेशी आणि श्लेष्मा बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी वरपर्यंत जातात. उंची वेगळी, म्हणून केंद्रकंही वेगवेगळ्या पातळीवर. छद्मस्तरित हे नाव त्यावरूनच पडलं.

मात्र काप तिरका गेला असेल तर हाच अभिस्तर खरोखर सहा-सात थरांचा भासतो, आणि चूक बहुधा तिथेच होते. म्हणून आधी काप सरळ गेलेली जागा शोधा. 40 पट ऑब्जेक्टिव्ह लावा आणि कंडेन्सरचा डायफ्रॅम थोडा मिटा. वरच्या काठावर सिलियांची बारीक झालर उठून दिसेल. तिच्या मुळाशी एक सलग गडद रेघ असते, ती सिलियांच्या मूलकणांची. झालर, ती रेघ आणि खाली गुलाबी पट्ट्यासारखं आधारपटल, ही तिन्ही एकाच दृश्यात एकमेकांना समांतर दिसली तर काप सरळ आहे असं समजा. श्वासनलिकेचं आधारपटल चांगलंच जाड असतं, ते शोधावं लागत नाही.

गॉब्लेट पेशी नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगात फिकट, रिकाम्या पेल्यासारखी दिसते, कारण तिच्यातला श्लेष्मा हे रंग नीट धरत नाही. श्लेष्म्यातली शर्करा रंगवणारा पीएएस रंग दिला की तीच पेशी भडक किरमिजी होते. शंका असेल तिथे पीएएसची स्लाइड मागून घ्यावी.

प्रश्न : सिलिया इतके बारीक असूनही कफ वर कसा ढकलतात?

एका पेशीवर साधारण 200 ते 300 सिलिया असतात आणि त्या सेकंदाला 10 ते 20 वेळा हलतात. घशाच्या दिशेने जाणारा फटका ताठ आणि जोरकस असतो, परतताना मात्र सिलिया वाकून खालून सरकत येते. हे जमतं ते वरच्या द्रवाच्या दोन थरांमुळे. सिलियांच्या उंचीइतका थर पातळ, पाण्यासारखा असतो आणि त्यावर चिकट श्लेष्मा तरंगतो. फटक्याच्या वेळी सिलियांची फक्त टोकं श्लेष्म्यात रुततात. पातळ थर आटला की श्लेष्मा थेट सिलियांवर बसतो आणि सगळं ठप्प होतं. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात हेच घडतं. काहींमध्ये जन्मतःच सिलियांच्या आतले डायनिनचे, म्हणजे त्यांना हलवणाऱ्या प्रथिनाचे बाहू सदोष असतात. तिथे द्रव ठीक असतो, पण सिलिया हलत नाहीत किंवा वेड्यावाकड्या हलतात.

दीर्घकाळ धूम्रपान केलं की जागोजागी हा अभिस्तर जाऊन त्याऐवजी चपट्या पेशींचा स्तरित अभिस्तर येतो. तो धुराला जास्त टिकतो, पण त्याला सिलिया नसतात. तिथला कफ वर काढायला खोकल्याशिवाय उपाय उरत नाही.

प्रश्न : ब्राँकस (श्वासनलिकेची मोठी शाखा) आणि ब्राँकिओल (तिची बारीक उपशाखा) ओळखण्याची खात्रीची खूण कोणती? कूर्चा पाहून ठरवलं आणि चुकलो.

कूर्चा दिसली तर ब्राँकस हे पक्कं. कूर्चा दिसली नाही म्हणून ब्राँकिओल, हे मात्र पक्कं नाही. श्वासनलिकेत कूर्चेची इंग्रजी सी अक्षरासारखी 16 ते 20 कडी असतात, पण फुप्फुसात शिरल्यावर त्यांचे सुटे तुकडे होतात. काप दोन तुकड्यांच्या मधून गेला तर ब्राँकसमध्येही कूर्चा सापडत नाही. अशा वेळी भिंतीत ग्रंथी शोधा. अभिस्तराखाली श्लेष्मग्रंथींचे पुंजके असले तर तो ब्राँकसच. ब्राँकिओलमध्ये कूर्चाही नसते आणि ग्रंथीही नसतात. त्याचा व्यास साधारण 1 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असतो.

ब्राँकिओलची पोकळी स्लाइडवर बहुधा चांदणीसारखी दिसते. भिंतीतला अरेखित स्नायू आकसतो आणि आतल्या अस्तराला चुण्या पडतात. शेजारी जवळपास तेवढ्याच जाडीची फुप्फुस धमनी असते. ही जोडी दिसली की दिशा बरोबर आहे. शिरा अशा बिलगून चालत नाहीत.

खाली जाताना गॉब्लेट पेशी कमी होत नाहीशा होतात आणि घुमटासारखा माथा असलेल्या, सिलिया नसलेल्या क्लब पेशी वाढतात. जुन्या पुस्तकांत त्यांचं नाव क्लारा पेशी असं आहे. शरीररचनाशास्त्रज्ञ मॅक्स क्लारा याने नाझी राजवटीत देहदंड दिलेल्या कैद्यांच्या ऊती वापरल्या होत्या, म्हणून ते नाव सोडण्यात आलं. आपणही ते सोडावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कूर्चा नसलेली ही नळी उघडी कशी राहते? भोवतालच्या वायुकोशांच्या (हवेच्या सूक्ष्म पिशव्यांच्या) भिंतींतले लवचीक तंतू तिला चहूबाजूंनी ताणून धरतात. एम्फिसीमा या फुप्फुसाच्या आजारात हे तंतू तुटतात, म्हणून श्वास सोडताना नळी मिटते आणि हवा आत अडकते. दम्यात नळी आकसते ती मात्र तिच्या भिंतीतल्या अरेखित स्नायूमुळे.

प्रश्न : वायुकोशाच्या 95 टक्के पृष्ठावर टाइप 1 पेशी असतात, पण संख्येने टाइप 2 जास्त. ही छपाईची चूक आहे का?

नाही, दोन्ही विधानं बरोबर आहेत. टाइप 1 पेशी पापडासारखी पसरट असते, त्यामुळे थोड्याच पेशी सगळी भिंत व्यापतात. टाइप 2 गोलसर, घनाकृती, आणि बहुधा वायुकोशाच्या कोपऱ्यात. तिच्या पेशीद्रवात फेस असल्यासारखा भास होतो, कारण सर्फॅक्टंट (वायुकोश मिटू न देणारा स्निग्ध पदार्थ) साठवणाऱ्या पुटिकांतला स्निग्ध भाग प्रक्रियेत विरघळून गेलेला असतो. टाइप 1 विभाजित होऊ शकत नाही. तिला इजा झाली की टाइप 2 वाढते आणि तीच पुढे टाइप 1 बनते.

टाइप 2 आणि मॅक्रोफेज (धूळ, जंतू गिळणारी पेशी) यांत गोंधळ होतो. टाइप 2 भिंतीत बसवलेली असते. मॅक्रोफेज पोकळीत सुटा पडलेला किंवा भिंतीला नुसता टेकलेला असतो, आणि त्याच्या पोटात बऱ्याचदा काळी धूळ असते.

हवा आणि रक्त यांच्यामध्ये टाइप 1 पेशी, एकत्र झालेलं आधारपटल आणि केशिकेची पेशी एवढंच असतं. सगळं मिळून पातळ जागी 0.2 ते 0.6 मायक्रॉन. साध्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादाच सुमारे 0.2 मायक्रॉन, त्यामुळे हे तीन पदर स्लाइडवर वेगळे दिसत नाहीत. ते शोधण्यात वेळ घालवू नका.

गर्भात सर्फॅक्टंट सुमारे 24व्या आठवड्यापासून बनू लागतं, पण पुरेसं व्हायला 35वा आठवडा उजाडतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाचे वायुकोश श्वास सोडताना मिटतात आणि प्रत्येक श्वासाला ते नव्याने उघडावे लागतात. म्हणून अशा बाळांना नळीवाटे सर्फॅक्टंट देतात.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत फुप्फुसाचे काप चुरगळल्यासारखे येतात. वायुकोश दिसतच नाहीत.

फुप्फुस न फुगवता तसंच फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रवात) टाकलं तर असंच होतं. आतल्या हवेमुळे ते तरंगतं, द्रव आत शिरत नाही आणि वायुकोश मिटून बसतात. 10 टक्के बफर केलेलं फॉर्मॅलिन ब्राँकसमधून हळूहळू आत सोडा. भांडं साधारण 25 सेंटिमीटर उंच ठेवलं की दाब पुरतो. पृष्ठभागावरच्या सुरकुत्या गेल्या की नळी दोऱ्याने बांधा आणि ऊतीच्या किमान 10 पट द्रवात निदान 24 तास ठेवा. तरंगू नये म्हणून वर ओला कापूस किंवा गॉज ठेवा. मग 4 ते 5 मायक्रॉनचे काप घ्या. चिमटा लावायचा तर कडेला. जिथे चिमटा दाबला, तिथली भिंत पुन्हा उघडत नाही.

फॉर्मॅलिन बफर केलेलं नसेल तर रक्ताच्या जागी तपकिरी-काळे कण जमतात आणि ते काजळीचे समजले जातात. ध्रुवित प्रकाशात हे कण चमकतात, काजळी चमकत नाही. पिक्रिक आम्लाच्या संपृक्त अल्कोहोल द्रावणात काप ठेवला तर ते निघून जातात. काजळी तशीच राहते.

प्रश्न : सगळा मार्ग सिलियांचा, मग स्वररज्जूवर चपट्या पेशींचा अभिस्तर का?

दोन्ही रज्जू बोलताना सतत एकमेकांवर आपटतात. तिथे सिलिया टिकल्या नसत्या.

प्रश्न : द्रव भरलेलं फुप्फुस थायरॉइडसारखं दिसलं आणि उत्तर चुकलं.

दोन्हींत गुलाबी द्रवाने भरलेल्या गोल पोकळ्या दिसतात. थायरॉइडची प्रत्येक पोकळी चारी बाजूंनी बंद असते आणि भोवती घनाकृती पेशींची सलग रांग असते. फुप्फुसात कुठे ना कुठे पोकळीचं तोंड शेजारच्या पोकळीत किंवा वायुकोशनलिकेत उघडलेलं सापडतं, आणि मधल्या पातळ भिंतीत तांबड्या पेशी एकामागे एक ओळीने बसलेल्या असतात. कमी पटीवर सगळी स्लाइड फिरवा. एखादा ब्राँकिओल दिसला की प्रश्न मिटला.