गुंड्या आणि घरातल्या दोन आज्या

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. आमच्याकडे मनी (वय १३) आणि शबरी (वय १०) अशा दोन मांजरी आहेत. दोघींचीही नसबंदी झालेली आहे. गेल्या पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक एकटं पिल्लू सापडलं, जेमतेम तीन आठवड्यांचं. ड्रॉपरने दूध पाजून वाढवलं. तो गुंड्या आता आठ महिन्यांचा बोका झालाय आणि मनीला सुखाने जगू देत नाही. सोफ्यामागे दबा धरतो, ती पाणी प्यायला निघाली की पाठीवर उडी, मानगुटीला दात. मनी किंचाळते आणि वॉशिंग मशीनमागे जाऊन बसते. शबरी दोन चापट्या ठेवून देते, म्हणून तिच्या वाटेला तो कमी जातो. महिनाभर मनी बाथरूममधला ट्रे सोडून पायपुसण्यावर लघवी करते आहे. आमचे हे गुंड्यावर पाण्याचा फवारा मारतात, उपयोग शून्य. सासूबाई म्हणतात, मच्छी मार्केटात सोडून या, तिथे पोट भरेल त्याचं. मैत्रीण म्हणते, त्याच्या जोडीला अजून एक पिल्लू आणा. हा खेळ आहे की भांडण? आणि मी काय करू?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: ताई, आधी मनीला डॉक्टरांकडे न्या, याच आठवड्यात. गुंड्याचं त्यानंतर बघू.

तेरा वर्षांची मांजरी अचानक ट्रे सोडून पायपुसण्यावर जायला लागली, तर घरातले सगळे नव्या पिल्लाकडे बोट दाखवतात. ते कारण असेलही. पण या वयात मूत्रपिंडं थकतात, मधुमेह होतो, थायरॉइड वाढतो, लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग होतो, आणि हे सगळे आजार आधी ट्रेमध्येच दिसतात. रक्त, लघवी, रक्तदाब, दात आणि सांधे एवढं तपासून घ्या. सांध्यांचं मी मुद्दाम सांगते, कारण मांजर लंगडत नाही म्हणून दुखत नाही असं लोक धरून चालतात. वय वाढलेल्या मांजरांत सांधेदुखी फार आढळते आणि ती लपवण्यात मांजर वस्ताद असतं. मनी पूर्वी खिडकीच्या कट्ट्यावर एका उडीत जायची आणि आता आधी खुर्ची, मग कट्टा असं करते का? कमरेवरची लव गुंतलेली, कोंडा झालेली दिसते का? नखं वाढून जाड झाली आहेत का? यातलं काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, शक्य असल्यास घरी तिच्या उडीचा व्हिडिओ काढून दाखवा. दवाखान्यातल्या टेबलावर भेदरलेली मांजर काहीच दाखवत नाही.

दुखऱ्या कमरेवर चार किलोचा बोका येऊन आदळला तर किंचाळायला भांडणच हवं असं नाही. औषध सुरू झाल्यावर अशा मांजरी पुन्हा चापटी मारायला लागतात आणि घरातला तंटा अर्धा तिथेच मिटतो, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. मात्र औषध डॉक्टरांनी दिलेलंच. माणसांची पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

आता गुंड्या. तो दुष्ट नाही, आणि तुमच्या वाढवण्यातही काही चुकलेलं नाही. तीन आठवड्यांचं एकटं पिल्लू माणसाच्या हातात वाढलं की त्याचा एक मोठा धडा राहून जातो. भावंडांत वाढणारं पिल्लू जोरात चावलं की समोरचं ओरडतं, खेळ मोडून निघून जातं. आई पंजाने दाबून धरते. आठव्या, दहाव्या, बाराव्या आठवड्यात हे दिवसातून कितीतरी वेळा घडतं आणि दातांना जोर किती लावायचा ते त्यातून उमगतं. गुंड्याला हे शिकवायला कोणी नव्हतं. त्यात आठ महिने म्हणजे मांजराचं ऐन भराचं वय. शिकारीची सगळी उर्मी अंगात आणि घरात हलणारी गोष्ट एकच, ती म्हणजे मनी.

खेळ की भांडण, हे आवाजावरून आणि पाळीवरून ओळखा. खेळ बहुतेक मुका असतो. कधी हा वर, कधी तो वर; मध्ये दोघं थांबतात, अंग चाटतात, पुन्हा सुरू होतात. नखं आत असतात, कान पुढे. भांडणात फिसकारणं, लांबट रडका सूर, डोक्याला चिकटलेले कान, फुगलेली शेपटी, जमिनीवर लवीचे पुंजके. तुमच्या घरी तिसरंच काहीतरी आहे. गुंड्या खेळतोय आणि मनी जीव वाचवतेय. पळणारी कायम तीच असेल, तर त्याच्या मनात काहीही असो, तिच्यासाठी तो छळच आहे. म्हणून ‘त्यांचं त्यांना बघू दे’ हा सल्ला इथे चालणार नाही.

तुम्ही दोघींच्या नसबंदीचं लिहिलंत, गुंड्याचं नाही. झाली नसेल तर आता थांबू नका. बोक्याची शस्त्रक्रिया चार-पाच महिन्यांचा असतानाही करता येते. मानगूट धरून पाठीवर चढण्यात वयात येण्याचाही भाग असतो. शस्त्रक्रियेनंतर वागणं निवळायला काही आठवडे लागतात, दुसऱ्या दिवशी चमत्कार होत नाही. आणि घरी आणल्याबरोबर त्याला मनी-शबरीपुढे सोडू नका. त्याच्या अंगाला दवाखान्याचा वास असतो, आणि मांजरं एकमेकांना वासानेच ओळखतात; परका समजून शबरी तुटून पडेल. रात्रभर वेगळ्या खोलीत, त्याच्या नेहमीच्या पांघरुणावर राहू दे. मनी तपासणीहून परतली की तिलाही हाच नियम.

यानंतरचं खरं काम म्हणजे त्याला दमवणं, आणि यात बहुतेक घरं कमी पडतात. बॉल टाकला, तो आपला आपण खेळेल, असं होत नाही. काठीला दोरी, दोरीला पिसं किंवा चिंधी, आणि काठी तुमच्या हातात. ती चिंधी उंदरासारखी चालवा. सोफ्याच्या कडेने जाऊ दे, थांबू दे, उशीमागे अर्धी लपू दे, मग एकदम पळू दे. मांजराच्या तोंडावर नाचवू नका, कुठलाही उंदीर मांजराकडे चालत येत नाही. दहा-पंधरा मिनिटं, सकाळी आणि संध्याकाळी, कारण पहाट आणि तिन्हीसांज या त्याच्या शिकारीच्या वेळा आहेत. जमलं तर झोपण्यापूर्वी आणखी एकदा. शेवटी त्याला ती पकडू द्या, दातांनी झिंजाडू द्या, आणि लगेच जेवण वाढा. दबा, झडप, पकड, जेवण, मग अंग चाटून झोप, असा त्याच्या अंगचा क्रम आहे. तो पुरा झाला की बोका खरोखर पडतो. लेझरच्या लाल ठिपक्यात पकड कधीच येत नाही, म्हणून मला ते खेळणं आवडत नाही. खेळ संपला की दोरी कपाटात बंद. गिळलेला दोरा आतडी कापत जातो, आणि तो काढायची शस्त्रक्रिया वेळेत झाली तरच मांजर वाचतं.

कुस्तीची हौस भागवायला जुन्या मोज्यात चिंध्या भरून हातभर लांब गुंडाळी शिवा. ती पोटाशी धरून मागच्या पायांनी लाथा मारू दे. त्याच्या कोरड्या खाण्यातला काही भाग अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये लपवा. हाताशी-पायाशी खेळणं मात्र घरातल्या सगळ्यांनी बंद करायचं, मुलांनीही.

जागेचं म्हणाल तर तीन मांजरांना बाथरूममधला एक ट्रे फारच कमी आहे. मांजरं जितकी त्याहून एक जास्त, म्हणजे चार, हा नियम; डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये चार जमत नसतील तर तीन, पण वेगवेगळ्या ठिकाणी. एका ओळीत ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या हिशेबी एकच. बाथरूमला दार एक, त्या दारात गुंड्या बसला की मनीची कोंडी. ती पायपुसण्यावर का गेली, याचं उत्तर तिथेही असू शकतं. तिच्यासाठी एक ट्रे मोकळ्या कोपऱ्यात ठेवा, जिथून दोन बाजूंनी निघता येईल, आणि त्याची एक कड कापून बुटकी करा. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, जेवणाचे वाडगे एकमेकांच्या नजरेआड. मनीला उंचावर बसायला एक हक्काची जागा आणि तिथवर चढायला मध्ये स्टूल. दुपारचे दोन-तीन तास बेडरूमचं दार लावून तिला आणि शबरीला निवांत झोपू द्या; त्या वेळेत गुंड्याला हॉल मोकळा.

महिनाभर त्रास झालाय, तेव्हा मी तर म्हणेन, दोन आठवडे गुंड्याला पूर्ण वेगळ्या खोलीत ठेवा आणि ओळख नव्याने करून द्या. आधी पांघरुणांची अदलाबदल. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, वाडगे रोज थोडे दाराजवळ. सगळे शांतपणे जेवायला लागले की दाराला जाळी लावून एकमेकांना दिसू द्या. त्यानंतर पाच-दहा मिनिटं एकत्र, गुंड्याला खेळवून दमवल्यावरच. मनीने खाणं सोडलं किंवा कान पाडले तर एक पायरी मागे या, घाई करू नका.

पाण्याचा फवारा आजच बंद करायला सांगा. गुंड्याला त्यातून ‘मनीला छळू नये’ हे कळत नाही. मनी दिसली की अंगावर पाणी येतं, एवढंच कळतं, आणि मनीवरचा त्याचा राग वाढतो. झोंबी लागलीच तर मध्ये पुठ्ठा किंवा मोठी उशी सरकवा. हात घालू नका, मनीच्याही दातांखाली येईल. त्याने सोफ्यामागे दबा धरला की त्याच क्षणी दुसरीकडे खेळणं फेका. झडपेच्या आधीचा तो क्षण फार मोलाचा आहे.

मैत्रिणीचा सल्ला मुळात चांगला आहे. एकटं पिल्लू आणण्याऐवजी दोन आणा, असं मी स्वतः लोकांना सांगते. पण ते सुरुवातीला. आज मनी आजारी असण्याची शक्यता असताना चौथं मांजर आणलंत, तर भार तिच्यावरच पडेल.

आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगून हे सांगा: ड्रॉपरवर वाढलेल्या बोक्याला गाड्यांची भीती ठाऊक नाही, कुत्र्यांची नाही. मार्केटातले बोके आपल्या हद्दीत परका उभा करत नाहीत. तो तिथे पोट भरणार नाही, पहिल्या काही दिवसांत मरेल. पाळलेल्या प्राण्याला उपाशी-तहानलेला राहील अशा ठिकाणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. त्या माउलीला मनीचीच काळजी आहे हे मला कळतं. मनीचं दुखणं थांबलं की त्यांचंही मत बदलेल.

मनी आणि गुंड्या एका पांघरुणात झोपतील अशी आशा मात्र धरू नका. एका खोलीत, आपापल्या जागी, एकमेकांकडे पाठ करून झोपले तरी ते यश समजा. दीड-दोन वर्षांचा झाला की त्याचा भरही ओसरेल.

प्रश्न: आमची सहा महिन्यांची मांजरी खेळता खेळता आईच्या (वय ७१, मधुमेह) हाताला चावली. मांजरीला लस दिलेली आहे, तरी डॉक्टरांकडे जायला हवं का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: हो, त्याच दिवशी. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. मांजराचे दात सुईसारखे बारीक असतात, वरचं भोक लगेच मिटतं आणि जंतू आत राहतात. मधुमेहात आणि म्हाताऱ्या पातळ कातडीत हे फार वेगाने चिघळतं. हात सुजला, लाल झाला, ठणकू लागला तर रात्र काढू नका. रेबीजच्या लसीचा निर्णय डॉक्टर घेतील; मांजरीचं लसीकरण कार्ड सोबत न्या. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते.