बागेतील उभे झाड चेनसॉने पाडण्यापूर्वी

प्रश्न : दापोली तालुक्यातील एक बागायतदार विचारतात, "बागेच्या कडेचे सुमारे ५० फूट उंचीचे रायवळ आंब्याचे झाड निम्मे वाळले आहे. मजूर मिळत नसल्याने मुलाने चेनसॉ (फिरत्या दातेरी साखळीने लाकूड कापणारे यंत्र) विकत आणला आहे. त्याने आतापर्यंत सरपणाच्या फांद्या कापल्या आहेत. हे झाड आम्ही घरच्या घरी पाडावे का? वाऱ्याने मुळासकट कलंडलेले एक झाडही तोडायचे आहे."

उत्तर : आपण काम सुरू करण्याआधी विचारलेत, हे चांगले केले. माझा स्पष्ट सल्ला असा आहे की, हे उभे झाड आपल्या मुलाने पाडू नये. अनुभवी लाकूडतोड्याकडूनच ते पाडून घ्यावे, मग त्यासाठी महिनाभर थांबावे लागले तरी चालेल. आडव्या फांद्या कापल्याने यंत्राचा सराव होतो, झाड पाडण्याचा होत नाही.

झाड कुठे पडणार हे मुख्यतः बुंध्यात न कापता राखलेली लाकडाची पट्टी ठरवते. ज्या बाजूला झाड पाडायचे त्या बाजूने आधी बुंध्याच्या व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी खोल खाच घेतात. मग मागच्या बाजूने, खाचेच्या कोपऱ्याहून थोडा वर, आडवा छेद देत पुढे येतात आणि व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी पट्टी शिल्लक ठेवतात. दोन फूट व्यासाच्या बुंध्यात ती जेमतेम अडीच इंच भरते. झाड झुकू लागले की हीच पट्टी बिजागरीसारखी वाकत त्याला ठरलेल्या दिशेने नेते. झाड हलत नाही असे पाहून नवखा माणूस नेमकी हीच पट्टी कापून टाकतो आणि त्या क्षणापासून झाड कोणाच्याही ताब्यात राहत नाही. जाणकार अशा वेळी मागच्या छेदात लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पाचर ठोकतो. लोखंडी पाचर साखळीला लागण्याचा धोका असल्याने ती वापरू नये.

निम्मे वाळलेले आंब्याचे झाड वाळवीने किंवा भिरुड या खोडकिडीने आतून पोखरलेले असू शकते. बुंध्यावर हातोडीने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला, तर ती पट्टी टिकून राहण्याइतके निरोगी लाकूड आत नाही असे समजावे. शिवाय बुंधा कापताना बसणाऱ्या हादऱ्यानेही वरच्या सुक्या फांद्या निखळून खाली येतात.

झाडाच्या उंचीच्या दुप्पट, म्हणजे इथे १०० फुटांच्या आत, कापणाऱ्याखेरीज कोणीही नसावे. त्याने मागे तिरक्या दिशेने पळण्याची वाट आधीच साफ करून ठेवावी. दोर बांधून समोर उभे राहून झाड ओढण्याची आपल्याकडील पद्धत फार घातक आहे, कारण ओढणारी माणसे झाडाच्या पडण्याच्या वाटेतच उभी असतात. जवळून वीजवाहिनी जात असेल, तर महावितरणला कळवून प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत झाडाला हात लावू नये.

यंत्राचा स्वतःचा मोठा धोका म्हणजे पात्याचा झटका. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की पाते निमिषार्धात वर, चेहऱ्याकडे उसळते. म्हणून यंत्र दोन्ही हातांनी, अंगठा मुठीभोवती वळवून धरावे, खांद्याच्या वर नेऊ नये, शिडीवर किंवा झाडावर चढून चालवू नये आणि साखळीचा ब्रेक रोज तपासावा. हेल्मेट व जाळीचा पडदा, कानाचे संरक्षक, साखळी अडवणारी विजार आणि बंद बूट हवेतच. लुंगी, गळ्यातला पंचा आणि रबरी चप्पल घालून हे काम कदापि करू नये.

कलंडलेले झाड निरुपद्रवी वाटते, पण तसे नसते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली, मंडणगड आणि रायगडच्या किनारपट्टीत असंख्य झाडे आडवी केली, तेव्हा असे काम अनेक बागायतदारांपुढे एकाच वेळी उभे राहिले होते. खोड तोडताच मुळांचा मातीसह उचललेला गड्डा झटकन मूळ जागी बसू शकतो. त्यामुळे मागच्या खड्ड्यात कोणी, विशेषतः मुले, नाहीत हे पाहावे. वाकून ताणलेल्या खोडात आधी दाबाच्या, म्हणजे बाकाच्या आतल्या बाजूने थोडा छेद द्यावा आणि नंतर ताणाच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूने कापावे; उलट केल्यास लाकूड चिरून अंगावर येते. असे झाडही अनुभवी माणसाकडूनच सोडवून घ्यावे. ते मोकळे होऊन जमिनीवर स्थिर पडल्यावर त्याचे ओंडके मुलाने त्या माणसाच्या देखरेखीखाली कापायला हरकत नाही.

आंबा हा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतील वृक्ष असल्याने, झाड स्वतःच्या जमिनीत असले आणि वाळलेले असले तरी आधी परवानगी घ्यावी. त्यासाठी सातबारा उतारा घेऊन वनक्षेत्रपाल कार्यालयात चौकशी करावी आणि लाकूडतोड्याला त्यानंतरच तारीख द्यावी.