लॉटरीचं पहिलं तिकीट घेतलंय? मग स्वप्न असं रंगवा

दिवाळीच्या भव्यतम सोडतीचं तिकीट घेतलंत, छान केलंत! सोडतीपर्यंत मनसोक्त मनोरे रचा. फक्त सुरुवातीला एवढं सांभाळा.

आधी हातात येणारी रक्कम धरा. लॉटरीच्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के आयकर, मोठ्या रकमेवर अधिभार (म्हणजे करावरचा जादा कर), वर या कराच्या ४ टक्के उपकर; कर कमी करणारी वजावट कसलीच मिळत नाही. एक कोटीचे साधारण पासष्ट लाख उरतात. नवखे नेमका पूर्ण कोटी वाटून मोकळे होतात.

दुसरं, बंगला-गाडीपासून सुरू करू नका, ते स्वप्न पाच मिनिटांत आटोपतं. एकच गोष्ट घ्या आणि तिच्यात शिरा. समजा, आईचं स्वयंपाकघर: ओटा तिच्या उंचीचा, वरच्या फळीवरचे डबे हाताशी, भांडी घासायला वाकावं लागणार नाही अशी मोरी. खरी मजा इथेच आहे. शिवाय त्यातलं एखादं काम पगारातूनही होऊन जातं.

आणि हे टाळाच:
- जास्त तिकिटं. स्वप्नाला एक पुरतं.
- उधारीवर तिकीट, कधीच नाही.
- नातेवाइकांना आधीच शब्द देणं.

गुंतवणुकीचं नंतर बघू. आज आईला विचारून ओट्याची उंची तेवढी मोजा.